आपली यादी आपणच करू या

लोणावळ्याच्या कुठल्याही हॉटेलात जा. खोलीच्या किल्लीपाठोपाठ एक यादीही हातात पडते. कधी ती रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली असते, कधी टेबलाच्या काचेखाली, तर कधी मेनूकार्डाच्या पाठीवर छापलेली. ‘जवळची प्रेक्षणीय स्थळे’. भुशी धरण, टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, राजमाची पॉइंट, ड्यूक्स नोज म्हणजे आपली नागफणी, वलवण धरण, रायवूड पार्क, मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम, कार्ल्याची लेणी, भाज्याची लेणी, लोहगड. प्रत्येकासमोर किलोमीटरचा आकडा. आणि सगळ्यात खाली एक ओळ : ‘साइट सीइंगसाठी गाडीची सोय होईल.’

यादी काही खोटी नाही. ठिकाणं सुंदरच आहेत, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पण ती वाचताना मला दर वेळी वाटतं, ही गाडीसाठी केलेली यादी आहे. कुठून कुठवर गाडी जाते, एका दिवसात किती पॉइंट ‘कव्हर’ होतात, याचा हिशोब तिच्यात चोख आहे. गाडीत बसलेल्या बाईचा मात्र कुठेच नाही.

आपल्या घरातली सहल आठवून बघा. शुक्रवारी रात्री थेपले, शेंगदाण्याची चटणी, मुलांसाठी सुकं काहीतरी, सासूबाईंच्या गोळ्या, सगळ्यांचे जादा कपडे, टॉवेल, ओले कपडे ठेवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या. शनिवारी सकाळी सगळे निघतात आणि ही मागच्या सीटवर पिशव्यांच्या मधोमध बसते. टायगर पॉइंटला सगळे दरी बघायला कठड्याशी जातात तेव्हा ही झोपलेल्या धाकट्याला मांडीवर घेऊन गाडीत असते. भुशीला सगळे पायऱ्यांवरच्या पाण्यात बसतात तेव्हा ही सगळ्यांच्या चपला, मोबाइल आणि पाकिटं सांभाळत काठावर उभी असते. सोमवारी ऑफिसच्या डब्याच्या वेळी कुणी विचारलं, ‘काय काय पाहिलंस गं?’ की ती पॉइंटांची नावं धडाधड सांगते. पाहिलं काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि दिवसभर ती पाणी पीत नाही. कुठे जाणार, हा प्रश्न असतो म्हणून. हे मी कुणाला नव्यानं सांगत नाही. एसटीनं प्रवास केलेली प्रत्येक बाई हे जाणते. पण सहलीच्या दिवशीही, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या आनंदासाठी बाहेर पडल्यावरही घोटभर पाणी मोजून प्यायचं, याला काय म्हणायचं?

म्हणून माझं म्हणणं आहे की आपली यादी आपणच करावी. हॉटेलची यादी हाताशी असू द्या, पण ती तीन प्रश्नांच्या चाळणीतून काढा. या ठिकाणी कुणा बाईचं काही बघायला मिळतं का? इथं माझी सोय आणि सुरक्षितता आहे का? आणि मी इथं आल्यानं इथल्या बाईच्या पदरात काही पडतं का?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. तुम्ही मुंबईहून रेल्वेनं येत असाल तर घाट चढतानाच एका बाईची ओळख करून घ्यायला हवी. बोरघाटातली ही रेल्वे बांधायचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होतं. १८५९ साली तो इथं आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस. बोट पकडून मायदेशी परत जाण्यात तिला कुणी नावं ठेवली नसती. तिनं मात्र कंत्राट स्वतःच्या हातात घेतलं, प्रत्यक्ष कामावर देखरेखीला जाणती माणसं नेमली आणि १८६३ साली घाट पुरा झाला. पंचवीस बोगद्यांचा घाट! खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर उभं राहून खालची गाडी बघताना मुलांना हे जरूर सांगा. आणि हेही सांगा की या कामावर हजारो मजूर राबले, त्यात बायकाही होत्या. पटकीच्या साथीत आणि अपघातांत किती माणसं गेली. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या त्या बायकांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

पुण्याहून येत असाल तर तळेगाव दाभाडे वाटेतच लागतं. तिथं उमाबाई दाभाड्यांची समाधी आहे, बनेश्वराच्या देवळापाशी. नवरा खंडेराव दाभाडे १७२९ साली गेला. मुलगा त्रिंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत पडला. अशा वेळी या बाईनं शाहू महाराजांच्या सेनापतीपदाचा कारभार हाती घेतला आणि गुजरातच्या स्वारीत फौजेचं नेतृत्व केलं. मराठ्यांच्या इतिहासात असा मान मिळालेली ती एकटीच. वणीच्या सप्तशृंगीला गेला असाल तर ज्या जुन्या पायऱ्या चढून गेलात, त्याही उमाबाईंनीच बांधवलेल्या. लोणावळ्यापासून अर्ध्यापाऊण तासाच्या अंतरावर एवढी मोठी बाई विसावली आहे आणि हॉटेलच्या यादीत तिला जागा नाही. मेणाच्या पुतळ्यांना आहे.

आता लेण्यांकडे वळू. कार्ल्याचं चैत्यगृह यादीत असतं, पण बहुतेक जण एकवीरा आईचं दर्शन घेऊन, लेण्यात एक फोटो काढून उतरतात. आईच्या दर्शनाला कोळी-आगरी बायका किती लांबून, किती भक्तीनं येतात, ते बघणं हाही एक अनुभवच. पण दर्शनानंतर लेण्यात अर्धा तास थांबा. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. छताच्या लाकडी फासळ्यांकडे मान वर करून बघा, इतक्या शतकांचं लाकूड अजून जागेवर आहे. आणि भिंतींवर, खांबांवर कोरलेल्या ओळी बघा. त्या दान देणाऱ्यांच्या नावांच्या आहेत. एका वेदिकेचं दान कोडी नावाच्या भिक्खुणीनं दिलंय आणि तिची ओळख काय कोरलीय, तर घुणिकाची आई. संसार सोडून भिक्खुणी झाली तरी ‘आई’ हा शब्द तिच्या नावापुढे राहिलाच.

भाज्याच्या लेण्यात एक बाई तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे, असं शिल्प आहे. इसवीसनाच्या आधीचं. आपल्याकडे ‘बायकांनी काय तबला वाजवायचा’ असं म्हणणाऱ्यांना तिथं घेऊन जायला हरकत नाही.

घोरावडेश्वराचा डोंगर तुम्ही हायवेवरून जाता-येता पाहिला असेल. शेलारवाडीची लेणी ती हीच. तिथल्या एका लेण्याचं दान दिलंय एका नांगरधारी शेतकऱ्याच्या बायकोनं. तिचं नाव सियगुतणिका. नवरा उसभणक, मुलगा नंद. लेख तिच्या नावानं आहे, दान तिचं आहे, मुलगा सोबतीला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या या डोंगरावर शेतकऱ्याच्या बायकोचं नाव दगडात कोरलं गेलं. आज याच मावळात गुंठ्यागुंठ्यानं जमिनी विकल्या जातायत, बंगले उठतायत. त्या जमिनींच्या सातबाऱ्यावर किती जणींची नावं होती, कधी चौकशी करून बघा.

आणि माझं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे बेडसे. कामशेतहून पवनेच्या रस्त्याला लागायचं, गावात गाडी ठेवायची आणि सावकाश पायऱ्या चढायच्या. कार्ल्यासारखी गर्दी नसते. चैत्याच्या दारातले उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावर हत्तीघोड्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी बघून डोळे निवतात. पण मी तुम्हाला तिथं पाठवते आहे ती एका पाण्याच्या टाक्यासाठी. त्या टाक्यावर लेख आहे : महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका हिचं हे दान. राजघराण्यातली बाई, मनात आणती तर स्वतःची मूर्ती बसवून घेती. तिनं डोंगर चढून येणाऱ्यासाठी पाणी दिलं.

या सामडिनिकेकडूनच मी दुसऱ्या प्रश्नावर येते, म्हणजे सोयीच्या. डोंगरावर येणाऱ्याला पाणी लागतं, हे तिला दोन हजार वर्षांपूर्वी कळलं. बाईला आडोसा लागतो, हे आपल्याला अजून नीट कळलेलं नाही. २०११ पासून मुंबईतल्या महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवली, तेव्हा लोकांनी आधी नाकं मुरडली. मग हळूहळू कळलं की हा गमतीचा विषय नाही. पाणी न पिणं, तासन्‌तास लघवी रोखून धरणं, यातून होणारा जंतुसंसर्ग डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात रोज येतो. मधुमेह असलेली आजी, गरोदर सून, पाळी आलेली मुलगी, या सगळ्या जणी सहलीत असतातच. त्यांच्यासाठी ‘टायगर पॉइंट इतके किलोमीटर’ एवढी माहिती पुरेशी नाही.

जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये त्याचा मान लागला. आनंदच आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, अशा चार दरवाजांतून वळणं घेत चढताना ऊर भरून येतो. वारशाबरोबर गर्दीही वाढणार. मग पायथ्याला स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं, ही मागणी करताना आपण लाजायचं कशाला? ‘आहे तिकडे’ असं सांगितलं जातं, आणि जाऊन बघावं तर दाराला कुलूप किंवा नळाला पाणी नाही, असा अनुभव माझा आहे, तुमचाही असेल.

सोयीबरोबरच येते सुरक्षितता. इथं मला जरा कडक बोलायचंय. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक स्त्री आणि चार मुलं. प्रवाहाच्या मध्यात एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते जीव आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५, पुन्हा रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

डोंगरातलं पाणी कसं वाढतं, हे एकदा समजून घ्या. आपण उभे असतो तिथं पाऊस नसेलही. वर दोन डोंगर पलीकडे तो कोसळत असतो आणि ते सगळं पाणी त्याच अरुंद घळीतून खाली येतं. पाच मिनिटांपूर्वी घोट्याइतकं असलेलं पाणी मांडीपर्यंत येतं. खालचे शेवाळलेले कातळ पाय टिकू देत नाहीत. माणूस पोहणारा असला तरी अशा पाण्यात त्याचं काही चालत नाही. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला येऊ लागला, आवाज बदलला, की लगेच बाहेर पडायचं. फोटो राहिला तर राहू दे.

बहुतेक घरांत ‘आता पुरे, बाहेर या’ असं म्हणणारी बाईच असते. आणि तिला काय उत्तर मिळतं? ‘तू नेहमीच घाबरतेस’, ‘तुझ्यामुळे मजा जाते’, ‘एवढे लोक आहेत ना पाण्यात?’ मग ती गप्प बसते. बहुतेक वेळा काही होत नाही आणि तिचं घाबरणं हा घरातला विनोद होऊन बसतो. माझं सांगणं एवढंच की हा विनोद होऊ देऊ नका. तुमच्या पोटात खड्डा पडतो त्याला कारण असतं, कारण मुलांची डोकी तुम्हीच मोजत असता. तेव्हा ठामपणे म्हणा, ‘नाही जायचं.’ रुसले तर रुसू देत. संध्याकाळी गरम भजी खाताना रुसवा निघतो.

आता तिसरा प्रश्न, इथल्या बाईचा. आपण जुलैत चिंब व्हायला जातो तेव्हा मावळातली बाई आधीच चिंब असते, चिखलात वाकून भाताची लावणी करत. आपण आवडीनं खातो तो इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, १९८७ सालचा वाण. त्याचा सुवास आपल्या कुकरपर्यंत पोचतो, पण तो लावणारे हात आपल्याला गाडीच्या काचेतून नुसते ‘हिरवागार सीन’ दिसतात. त्याच बांधावर आपण चिप्सची पाकिटं आणि बाटल्या टाकतो. फुटलेल्या बाटलीची काच उद्या कुणाच्या तळपायात जाणार आहे, हे सांगायला नको. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते त्याच रस्त्यानं गावातल्या बाईला दवाखाना गाठायचा असतो.

पवना धरणाच्या काठी आता तंबूंच्या रांगा असतात. रात्री गाणी, शेकोटी, सकाळी पाण्यावरचं धुकं. फार सुरेख दिसतं. पण याच पवनेच्या पाण्यासाठी, बंद जलवाहिनीला विरोध करताना, ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यांत एक स्त्री होती. ज्या पाण्यात आपण पाय सोडून बसतो त्याच्याशी कुणाचं काय नातं आहे, हे माहीत असलेलं बरं. मजा कमी होत नाही, वागणं मात्र सुधारतं.

इथल्या बाईच्या पदरात काही पडावं असं वाटत असेल तर फार मोठं काही करावं लागत नाही. लोहगडवाडीत किंवा राजमाचीच्या उधेवाडीत घरगुती जेवण मिळतं. आधी कळवा आणि तिथं जेवा. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता भात. घरून डबे नेण्याचं तुमचं ओझं उतरेल आणि तिच्या घरात चार पैसे येतील. मे महिन्यात करवंदं-जांभळांचे द्रोण आणि पावसात भाजलेलं कणीस विकणारी बाई दिसली की तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. चिक्कीच्या दुकानात आपण छापील भाव मुकाट्यानं देतोच की!

हॉटेलवाल्यांनाही एक विनंती आहे. यादी पुन्हा छापाल तेव्हा किलोमीटरच्या शेजारी आणखी दोन रकाने घाला. स्वच्छतागृह आहे की नाही आणि परत फिरायची वेळ कोणती. खर्च शून्य. पण हे आपण विचारल्याशिवाय होणार नाही. म्हणून खोलीचं बुकिंग करताना गरम पाणी आणि वायफायबरोबर हेही विचारा. दहा जणींनी विचारलं की अकरावीला न विचारता सांगतील. ग्रामपंचायत, नगरपरिषद, पुरातत्त्व खातं यांच्याकडे लेखी तक्रार द्यायलाही एक कागद आणि दहा मिनिटं लागतात.

माझ्या यादीत दोन दिवसांसाठी चारच ठिकाणं असतात. पहिल्या दिवशी सकाळी बेडसे, दुपारी जेवून विश्रांती, हो, बाईनंही पडायचं, आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत राजमाची पॉइंट. दुसऱ्या दिवशी लवकर कार्ला, आणि परतताना तळेगावात उमाबाईंना नमस्कार. चपला सांभाळायची पाळी प्रत्येकाची. पिशव्या ज्याच्या त्याच्या.

तुम्ही तुमची यादी करा. त्यात कुठली ठिकाणं ठेवलीत, कुठली गाळलीत आणि का, ते मला जरूर कळवा.